हुबळीला आलेले बोटींचे पंखे



आपल्या हुबळी-धारवाडच्या आठवणी निघाल्या की रेल्वे वर्कशॉप येतं, कापसाचा बाजार येतो, गंगूबाईंचं गाणं येतं आणि लाइन बझारचा पेढा तर येतोच. बोटीच्या पंख्याबद्दल कुणी लिहिलेलं मात्र माझ्या वाचनात आलं नाही. साहजिकच आहे म्हणा. समुद्र आपल्यापासून बराच लांब, आणि मध्ये घाट. पण आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, लेथच्या दुकानात दर पावसाळ्यात कारवारकडचे पितळी पंखे येऊन पडायचे. कुणाचं पातं वाकलेलं, कुणाचं टोक गेलेलं, कुणाला अंगभर खड्डे. पंखा म्हणजे प्रोपेलर. आमच्याकडे येणारे सगळे तांडेल त्याला पंखाच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो.

हे पंखे बहुतेक वेळा एसटीच्या टपावरून यायचे. त्यांना चिकटलेलं शेवाळ आणि कवचाचे बारीक जीव प्रवासात मरून असा वास सुटायचा की गल्लीतली कुत्री दुकानापुढे बसून राहायची. आई रोज सकाळी अंगणात पाणी मारताना एकदा तरी म्हणायची, "दर्या कारवारला आहे म्हणे, वास मात्र आमच्या दारात."

आता हुबळीलाच का? कारवारला मेस्त्री नव्हते असं नाही. पण मोठा लेथ, ओतकाम करणारा चांगला मोल्डर आणि शाफ्ट सरळ करू शकणारा टर्नर ही तिन्ही माणसं एका गावात मिळायची ती हुबळीला, आणि त्याला कारण रेल्वे. सदर्न मराठा रेल्वेने १८८५ च्या सुमारास इथे वर्कशॉप उभं केलं. आपल्यापैकी कितीतरी घरांतले आजे-पणजे त्याच नोकरीच्या मागे इकडे आले. इंजिनाचे धुरे आणि बुश घडवणारे हात तिथे तयार झाले आणि त्यांतलेच काही पुढे स्वतःची दुकानं टाकून बसले. आमचे आजोबा त्यांतलेच.

रस्ताही जुना होता. रेल्वे यायच्या आधी धारवाड भागातला कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून कारवार-कुमठ्याच्या बंदरांवर जायचा. कापसाच्या एका जातीला बाजारात 'कुमठा' हेच नाव पडलं होतं. कापूस पिकायचा आपल्याकडे आणि नाव लागलं बंदराचं! १८८७-८८ मध्ये मार्मागोव्याहून कॅसलरॉकपर्यंत गाडी आली, पुढे ती हुबळीकडच्या रेल्वेला जोडली गेली आणि कापूस तिकडे वळला. पण कारवार, अंकोला, आरबैल घाट, यल्लापूर, कलघटगी, हुबळी हा रस्ता राहिला. कारवार आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्या दिवशी दोन्ही म्हैसूर राज्यात गेले. तांडेलांच्या येण्या-जाण्यात त्यामुळे काही फरक पडला नाही. गाबीत, खारवी, हरिकंत्र, सगळ्यांची ये-जा चालू राहिली. दुकानात कोकणी, कन्नड आणि आमची हुबळीची मराठी यांची जी भेसळ चालायची, ती ऐकायला आजही कान आसुसतात.

पंख्यांची खरी गर्दी झाली ती होड्यांना इंजिनं बसली तेव्हा. शिडाच्या होडीला पंखा नसतो, त्यामुळे त्याची दुखणीही नसतात. १९५३ पासून केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला, यांत्रिक होड्या आल्या, आणि १९६० च्या दशकात त्या प्रकल्पाचं काम कारवारपर्यंत पोचलं. मग १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर पर्ससीनची मोठी जाळी आली. किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची रापण मागे पडली, तिच्यावर जगणारी माणसंही मागे पडली. शेजारी गोव्यात रापणकारांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण आमच्या दुकानाची चूल त्या इंजिनांवर पेटत होती हेही खरं आहे.

या बदलाबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात इंजिनाचं कौतुक असतं. किती हॉर्सपॉवर, कोणत्या कंपनीचं, कर्ज किती. इंजिनाची सगळी ताकद शेवटी ज्या दोन हात रुंदीच्या पितळेतून पाण्यात जाते, त्या पंख्याचं नाव कुठे नसतं. अण्णांची यावर एक तक्रार कायम असायची. बोट हळू चालली की लोक इंजिनाला शिव्या देतात, बोट कापायला लागली की पंख्याला देतात, आणि दोन्ही वेळा न बघता देतात.

पंखा म्हणजे मुळात स्क्रूच. लाकडात स्क्रू फिरवला की तो एका फेऱ्यात एक आटा आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात जितका पुढे जायला हवा त्याला पिच म्हणतात. इंग्रज शेतकरी फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने १८३६ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी स्वीडनच्या जॉन एरिक्सननेही घेतलं, आणि ऑस्ट्रियाच्या योजेफ रेसेलने तर त्याआधीच १८२७ मध्ये. स्मिथचा पंखा लाकडाचा होता, दोन पूर्ण आट्यांचा, दिसायला अगदी मोठ्या स्क्रूसारखा. १८३७ मध्ये लंडनजवळच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि जवळजवळ अर्धा तुटून गेला. आणि बोट पूर्वीपेक्षा जोरात धावली! लांबलचक आट्यामुळे पाणी नुसतं घासत होतं हे तेव्हा कळलं. पंखा मोडल्यामुळे सुधारल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण. आमच्याकडे येणारे मोडलेले पंखे असे कधी सुधारले नाहीत.

१८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने पंख्याची 'रॅटलर' आणि बाजूला चाकं असलेली 'अलेक्टो' या दोन बोटी पाठीला पाठ बांधून रस्सीखेच लावली. रॅटलरने अलेक्टोला सुमारे अडीच नॉट वेगाने उलटं ओढत नेलं. हा किस्सा सगळीकडे सांगतात. रॅटलरचं इंजिन जास्त ताकदीचं होतं हे मात्र सांगायचं राहून जातं.

अण्णांकडे पंखा आला की पहिलं काम धुणं, दुसरं काम ऐकणं. पंखा दोरीने टांगायचा आणि लहान हातोडीने एकेका पात्यावर हलकेच टिचकी मारायची. घंटेसारखा आवाज घुमला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर, नाहीतर पितळ आतून गेलेलं. मग एखादी कड जरा खरवडून बघायचे. पितळेचा पिवळा रंग जाऊन तांब्यासारखी गुलाबी झाक दिसली की अण्णा पंखा खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "जस्त गेलं, आता हा मोडीचा." पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की बॅटरीसारखा खेळ सुरू होतो आणि त्यात पितळेतलं जस्त निघून जातं. उरतो तो तांब्याचा स्पंज, कधी तुटेल याचा नेम नाही.

त्यावर उपाय म्हणून शाफ्टवर आणि सुकाणूजवळ जस्ताचे तुकडे लावतात. पंख्याऐवजी ते झिजतात. ही कल्पना हम्फ्री डेव्हीची, १८२४ ची. लाकडी जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याने लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे लावून पाहिले. ज्या जहाजावर प्रयोग झाला ते 'समरंग' आपल्या कोचीनला बांधलेलं होतं. तांबं वाचलं, पण विरघळणाऱ्या तांब्यामुळेच शेवाळ दूर राहत होतं, ते आता तळाला भरभरून वाढलं आणि जहाज जड चालायला लागलं. म्हणजे एक दुखणं काढलं तर दुसरं उभं. कारवारकडच्या बोटींवर वेगळीच गंमत व्हायची. बोट रंगवताना रंगारी उत्साहाने जस्ताच्या तुकड्यालाही रंग फासून टाकायचा. रंगाखाली जस्त शाबूत आणि पंखा मात्र गुलाबी. अण्णा पंखा परत देताना दरवेळी बजावायचे, "जस्ताला रंग लावायचा नाही. ते झिजलं नाही तर समजायचं की ते कामच करत नाही."

त्यानंतर मापं. पंखा सपाट टेबलावर पालथा घालायचा, मध्यापासून ठरावीक अंतरावर खडूने गोल काढायचा आणि माझ्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने तीस अंशांच्या दोन खुणा करायच्या. दोन्ही खुणांपाशी पात्याची टेबलापासून उंची मोजायची. फरक दीड इंच आला, तर तीस अंशांना दीड, म्हणून तीनशे साठ अंशांना अठरा. पिच अठरा इंच. तिन्ही पात्यांचं उत्तर सारखं यायला हवं. एकाचं अठरा, दुसऱ्याचं अठरा आणि तिसऱ्याचं साडेसोळा आलं की वाकलेलं पातं सापडलं. डोळ्याला हा फरक दिसतही नाही, पण बोटीत बसलेल्या माणसाच्या दातांना तो जाणवतो. त्रैराशिक मी शाळेत शिकलो असं सर्टिफिकेट सांगतं, खरं तर ते मी या टेबलावर शिकलो.

वाकलेलं पितळेचं पातं तापवून, लाकडी ठोकळ्यावर हळूहळू ठोकून सरळ करता येतं. बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, पंखा स्वस्त मिळायचा, पण तो वाकत नाही, सरळ तुटतो, आणि मग कुणीच काही करू शकत नाही. शेवटी तोल. दोन धारदार पट्ट्या अगदी समपातळीत मांडून त्यांवर आडव्या दांड्याने पंखा ठेवायचा. जड पातं आपोआप खाली येतं. त्याच्या पाठीवरून थोडं थोडं घासायचं, कडेवरून नाही. कोणत्याही स्थितीत सोडला तरी पंखा जागचा हलला नाही, की काम झालं.

अठरा पिचचं गणित पुढे नेलं तर गंमत आहे. इंजिन मिनिटाला १८०० फेरे, गिअरमध्ये निम्मे होऊन पंख्याला ९००. दर फेऱ्याला अठरा इंच, म्हणजे तासाला तेरा नॉटच्या वर बोट जायला हवी. प्रत्यक्षात जाते सात-आठ. कारण पाणी म्हणजे लाकूड नव्हे, ते मागे सरकतं. ही घसर असणारच. काही तांडेलांना वाटायचं की पंखा मोठा केला, पिच वाढवलं, की ती घसर कमी होऊन बोट धावेल. तसं होत नाही. इंजिन दमतं, फेरे गाठत नाही आणि काळा धूर ओकतं.

असाच एक तांडेल होता, कारवारच्या बैतखोल बंदरातला. साल १९७९ असावं. दोन हंगामांत त्याने तीन पंखे बदलले होते. तिन्ही अण्णांकडे आले. तिसरा घेऊन तो स्वतः आला आणि दुकानाच्या पायरीवर बसला. "मेस्तरी, पंखो बरो आसा म्हणतास, मगे बोट कित्याक थरथरता?" त्याच्या बायकोचे दागिने गहाण होते, इंजिनाचं कर्ज वेगळं, आणि नारळी पौर्णिमेला तीन आठवडे उरले होते. बोटीवर बारा-चौदा खलाशी. त्यांना पगार नसतो, मासळीत वाटा असतो. बोट काठाला राहिली तर सगळ्यांच्याच चुली थंड, आणि चांगले खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर जातात ते परत येत नाहीत.

अण्णांनी तिन्ही पंख्यांचे वहीत उतरवलेले आकडे बघितले. तिन्हींना खड्डे एकाच जागी, पात्याच्या टोकाजवळ, पाठीच्या बाजूला. त्यांनी पंख्याबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "इंजिन कधी बदललं?"

दोन वर्षांपूर्वी बदललं होतं. जास्त ताकदीचं घेतलं आणि ज्याने बसवून दिलं त्याने त्याबरोबर पंखाही दोन इंचांनी मोठा लावला होता, अठ्ठावीस इंचांचा. बोट मात्र तीच, शिडाच्या काळातल्या घडणीची, मागचा खांब चांगला रुंद आणि चौकोनी. दुसऱ्या दिवशी अण्णा ओळंबा, सुतळी आणि कॅलिपर पिशवीत घालून कारवारच्या बसमध्ये बसले. मी नववीत होतो, हट्टाने बरोबर गेलो.

ओहोटीला बोट कलती करून ठेवली होती. अण्णांनी चिखलात गुडघे टेकले, पंख्याचं पातं वर फिरवलं आणि टोक व बोटीचा तळ यांच्यात हात घालून पाहिला. दोन इंचसुद्धा नव्हते. व्यासाच्या सहाव्या-सातव्या भागाइतकी मोकळी जागा तरी हवी, म्हणजे इथे चार इंचांच्या वर. शिवाय पंख्याच्या पुढ्यात तो चौकोनी खांब. पुढून येणारं पाणी खांबावर अडून दोन बाजूंना फाटायचं आणि प्रत्येक पातं त्या खांबामागच्या पोकळीतून जाताना धक्का खायचं. तीन पाती, मिनिटाला नऊशे फेरे. बोट कापेल नाही तर काय?

शाफ्टही उतरवला. ग्लँडमधली दोरी इतकी आवळली होती की पाण्याचा एक थेंब गळत नव्हता. तांडेलाला त्याचा अभिमान होता. अण्णांनी समजावलं की बोट चालू असताना तिथून थेंब थेंब पाणी यायलाच हवं, त्यानेच शाफ्ट थंड राहतो. कोरडा ठेवल्यामुळे शाफ्टवर चरे पडले होते आणि मागचा बुश सैल झाला होता. शाफ्ट हुबळीला आणून लेथवर फिरवला, डायल लावून बाक काढला आणि नवा बुश बसवला. खांबाच्या मागच्या कडा कारवारच्याच सुताराने तासून निमुळत्या केल्या. मोल्डरकडून सव्वीस इंचांचा चार पात्यांचा पंखा ओतून घेतला, पिच अठराच ठेवलं. व्यास कमी झाला म्हणून इंजिनावरचा भार उतरला, चौथ्या पात्याने जोर थोडा भरून काढला. वर मोकळी जागा झाली जेमतेम तीन इंच. नियमात ते बसत नव्हतं, अण्णांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण धूर थांबला आणि थरथर इतकी कमी झाली की तांडेलाच्या शब्दांत, वल्हवणाऱ्याला झोप लागेल. बोट नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी समुद्रात गेली. पैसे दिवाळीला आले, आणि त्याआधी बांगड्याची एक टोपली, जी कंडक्टरने अर्ध्या वाटेत टपावर चढवली होती.

पुढे मी भूमरड्डी कॉलेजात मेकॅनिकलला गेलो, तेव्हा त्या खड्ड्यांचं नाव कळलं, कॅव्हिटेशन. पंख्याच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही उकळल्यासारखं होऊन बुडबुडे धरतं, आणि ते बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात. चार्ल्स पार्सन्सने १८९४ मध्ये आपल्या नव्या टर्बाइनवर 'टर्बिनिया' ही बोट चालवली, तर ती वीस नॉटसुद्धा गाठेना. सगळ्यांना संशय टर्बाइनचा. पार्सन्सने शाफ्टवर किती जोर येतो ते मोजलं, आणि यंत्र आपलं काम करतंय, जोर पाण्यात वाया जातोय असं निघालं. त्याने तांब्याची एक बंद टाकी बनवून त्यात दोन इंची पंखा फिरवला आणि बुडबुड्यांचे फोटो काढले. मग एका शाफ्टऐवजी तीन आणि प्रत्येकावर तीन पंखे. १८९७ मध्ये तीच बोट चौतीस नॉटच्या वर धावली. मी हे घरी रंगवून सांगितलं. अण्णा जेवत होते. म्हणाले, "म्हणजे साहेबानेसुद्धा आधी पंखेच बदलून पाहिले असतील की." पाहिले होते. खरोखरच बरेच बदलून पाहिले होते.

नायलॉनबद्दल लिहायला हवं, कारण पुढच्या वर्षांत निम्मं काम त्याचंच होतं. जुनं सुती जाळं पंख्यात आलं तर फाटून निघायचं. नायलॉन फाटत नाही. ते शाफ्टभोवती आवळत जातं, घर्षणाने वितळून दगडासारखं घट्ट होतं आणि ग्लँडपर्यंत घुसतं. भर समुद्रात एकजण कोयता घेऊन पाण्यात उतरतो आणि दम धरून कापत बसतो. आमच्याकडे असे शाफ्ट यायचे ज्यांवरचं नायलॉन लेथवर टूल लावून सोलावं लागायचं. इकडे आपल्या उणकल तलावात जलपर्णी माजते तेव्हा यंत्राच्या नावेचं असंच होतं, फक्त तिथे जीव धोक्यात नसतो.

१९९० नंतर पंखे यायचे कमी झाले. किनाऱ्यावरच चांगली दुकानं झाली, तयार पंखे मिळायला लागले, आणि अण्णांचे हातही थकले होते. लेथ विकला. तोल बघायच्या त्या दोन पट्ट्या आणि आकड्यांची वही माझ्याकडे आहे. वहीत प्रत्येक पंख्यापुढे बोटीचं नाव, व्यास, पिच, आणि शेवटच्या रकान्यात कारण. कितीतरी ठिकाणी त्या रकान्यात लिहिलंय, 'पंखा ठीक.'

एक विनंती आहे. आमच्यासाठी पंखे ओतणाऱ्या मोल्डरांपैकी बरेचजण रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले होते आणि त्यांत आपली मराठी घरं पुष्कळ होती. वहीत फक्त मोल्डर एवढंच लिहिलंय, नावं नाहीत. तुमच्या घरात कुणी ओतकाम करत असेल, पंख्याचे लाकडी नमुने माळ्यावर पडले असतील, तर फोटो काढून खाली जरूर टाका. नमुन्यावर सहसा व्यास आणि पिच कोरलेलं असतं, त्यावरून मी वहीतल्या नोंदीशी पडताळून बघेन.